मावशी म्हणू की आई?

ताई,
माझी आई पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत शिपाई होती, १९९० ते २०२१. सगळी शाळा तिला मावशी म्हणायची. ती गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. माजी विद्यार्थिनींनी शाळेच्याच हॉलमध्ये तिची स्मरणसभा ठेवली आहे आणि मी बोलावं असा त्यांचा आग्रह आहे. रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो. कुणी म्हणतं, मावशींनी मला पोटाशी धरलं. कुणी म्हणतं, मावशी नसत्या तर मी शाळाच सोडली असती. मी ऐकून घेते. फोन ठेवल्यावर मला रडू येतं, पण ते दुःखाचं नसतं. ही पोटाशी धरणारी बाई आमच्या घरी कधी आलीच नाही. आमच्याकडे यायची ती दमलेली, कपाळाला बाम चोळून भिंतीकडे तोंड करून पडणारी, दोनदा हाक मारली की खेकसणारी. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आमच्या घरात तसंच झालं.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. मीही त्याच शाळेत होते. सकाळी आम्ही दोघी बरोबर चालत जायचो. पाचवीत असताना एका मैत्रिणीने विचारलं, या मावशी तुझ्या कोण गं? मी म्हटलं, आमच्या शेजारी राहतात. आई मागेच उभी होती, हातात सूचनावही होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या आधी एकटी निघायला लागली. दहावी होईपर्यंत शाळेत मी तिला मावशीच म्हणत होते. आता सभेत मी काय बोलू? तिला काय म्हणू?
— दांडेकर पुलाजवळची एक लेक

ताई,

तुमचं पत्र आठ पानी आहे. नाव-गाव गाळून त्यातलं थोडकंच वर छापलं. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती उरलेली पानं. भाषण काय करू म्हणून तुम्ही मला विचारताय आणि भाषण तुम्ही आधीच लिहून पाठवलंय, फक्त ते तुमच्या लक्षात आलेलं नाही.

तिसऱ्या पानावर तुम्ही आजीचं एक वाक्य लिहिलंय. 'पानशेत फुटलं तेव्हा ही पोटात होती, सातवा महिना चालू होता.' पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे तुमच्या आईचा जन्म त्या वर्षीच्या सप्टेंबरातला. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९६१. त्या पिढीत एक जूनला जन्मलेली माणसं घरोघरी सापडतात. जूनमध्ये शाळा उघडायची, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. ही तारीख तुमच्या आईला शेवटी महागात पडली. शिपायांची निवृत्ती साठाव्या वर्षी, आणि एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. म्हणून ती ३१ मे २०२१ ला घरी बसली. खरा महिना कागदावर असता तर तिला आणखी चार महिन्यांचा पगार मिळाला असता.

पैशांचं एक वेळ सोडून देऊ. ३१ मे २०२१ ला पुण्यात काय होतं आठवतंय ना? करोनाची दुसरी लाट जेमतेम ओसरत होती. शाळा वर्षभराहून जास्त काळ बंद. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी आई शाळेत गेली, ऑफिसात एक क्लार्क होता, त्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा दिला, मस्टरवर सही केली आणि अकराच्या आत घरी आली. एकतीस वर्षं जिने टोल दिले, तिच्यासाठी शाळेत त्या दिवशी एकही पोर नव्हती. नारळ नाही, शाल नाही, आठवीच्या मुलींनी बसवलेलं निरोपाचं गाणं नाही. घरी येऊन तिने पंख्याखाली बसून तांदूळ निवडले, असं तुम्ही लिहिलंय.

या सभेला तुम्ही स्मरणसभा म्हणून घाबरताय. माझ्या दृष्टीने तो तिचा राहिलेला निरोप समारंभ आहे, आणि तो करायला या बायका स्वतःहून पुढे आल्यात. त्यांचे फोन जरा या कानाने ऐकून बघा.

आता सभेत काय बोलायचं ते. आधी काय बोलू नये ते सांगते, कारण ते मी भोगलंय. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ते गेले तेव्हा शोकसभेत तिघे बोलले. तिघांनीही 'देवमाणूस' म्हटलं, 'अजातशत्रू' म्हटलं, 'पोकळी भरून निघणार नाही' म्हटलं. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि हे कुणाबद्दल चाललंय तेच मला कळेना. मग छापखान्यातले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. म्हणाले, हा माणूस उलटे खिळे सुलट्यासारखे वाचायचा आणि मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर हात थांबवायचा. एकदा एका शब्दासाठी सायकल मारत लेखकाच्या घरी गेला, कर्वे रोडला, भर पावसात. लेखक जेवत होते. त्यांचं जेवण होईपर्यंत जिन्यात थांबला. तेवढंच बोलून ते खाली बसले. त्या जिन्यात मला माझे वडील दिसले, शर्टातून पाणी निथळणारे, आणि मी सभेत पहिल्यांदा रडले.

तेव्हा तुम्ही 'माउली' म्हणू नका, 'त्यागमूर्ती' म्हणू नका. दुसरं कुणी म्हणेलच, त्यांना म्हणू द्या. तुम्ही ती काय करायची ते सांगा. सव्वासहाला फाटक उघडायची. पिंपं भरायची. वर्गावर्गात सूचनावही न्यायची आणि बाईंचं वाचून, सही करून होईपर्यंत दारात उभी राहायची. हरवलेल्या बाटल्या, कंपास, स्वेटर यांचा ढीग सांभाळायची आणि कुठला स्वेटर कुणाचा हे तिला वासावरून कळायचं, असं तुम्हीच लिहिलंय. रिक्षावाले काका आले नाहीत तर शेवटची पोर जाईपर्यंत फाटकाशी थांबायची. हे नुसतं ओळीने सांगितलंत तरी हॉलमधली प्रत्येक बाई त्यात स्वतःला शोधेल.

सहाव्या पानावर तुम्ही ट्रंकेबद्दल लिहिलंय, त्याशी मी फार वेळ थांबले. आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली तर शाळेच्या गणवेशाचे तीन स्कर्ट निघाले, वेगवेगळ्या मापांचे, धुऊन घडी केलेले. त्यातला एकही तुमचा नव्हता. 'माझा एकही फ्रॉक तिने ठेवला नाही आणि परक्या पोरींचे स्कर्ट जपून ठेवले,' असं तुम्ही लिहिलंत, आणि त्या वाक्याखाली पेन एवढं दाबलंय की मागच्या पानावर उमटलंय. पुढे एक बारीकशी गोष्ट आहे. प्रत्येक स्कर्टाच्या पट्ट्याला हूक दोन जागी शिवलेले होते. ते का, ते तुम्हाला कळलं नाही.

मी पंधरा वर्षं शाळेत शिकवलंय, मला ते लगेच कळलं. पाचवी ते आठवीच्या वर्गांत दर वर्षी काही मुलींना शाळेतच पहिल्यांदा पाळी येते. कधी गणिताच्या तासाला, कधी कवायतीच्या रांगेत. स्कर्ट भरतो. ती मुलगी बाईंना सांगत नाही, बाकावरून उठतच नाही. मग शेजारची कुणीतरी मावशींना बोलावून आणते. मावशी येतात, काही विचारत नाहीत, स्वेटर कमरेला बांधायला लावतात आणि मुलीला घेऊन जातात. आधी जुन्या सुती साडीच्या घड्या असायच्या, पुढे पॅडची पुडी आली. आणि घरी जाईपर्यंत घालायला एक कोरडा स्कर्ट. बारीक पोरीला पहिला हूक, अंगाने जरा भरलेलीला दुसरा. संध्याकाळी तो स्कर्ट परत यायचा, मावशी तो घरी नेऊन धुवायची, वाळवायची, पुन्हा कपाटात. ते स्कर्ट कुणा एकीचे नाहीत, ताई. ते तिच्या कामाचं सामान होतं. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या दिल्या, हे मात्र ती घरी घेऊन आली. शाळा बंद होती, ते सोपवायचे कुणाच्या हातात?

मी हे सांगते आहे ती शाळेतली बाई म्हणून. 'मावशींकडे जा' म्हणून मीही मुलींना वर्गाबाहेर पाठवलंय आणि परत फळ्याकडे वळले आहे. पुढे त्या मुलीचं काय झालं, स्कर्ट कुठून आला, हे पंधरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्याची खंत मला आहे.

'मावशी नसत्या तर मी शाळाच सोडली असती' असं म्हणणाऱ्या बाईला उद्या तुम्ही उलटा फोन करा. विचारा, म्हणजे नेमकं काय झालं होतं? कितवीत होतीस? कुठे उभी होतीस? आई काय म्हणाली, तिच्या शब्दांत सांग. 'प्रेमळ होत्या' एवढ्यावर सोडू नका. वही घेऊन बसा, किंवा तिला विचारून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पाच-सहा जणींकडून अशा पाच-सहा गोष्टी आल्या की आईचे शाळेतले दिवस तुमच्या हातात येतील. आज ते फक्त त्यांच्याकडे आहेत, तुमच्याकडे नाहीत, आणि तुमचं दुखणं निम्मं तरी तेच आहे.

आता दमलेल्या आईबद्दल. तुमचाच हिशेब तुम्हाला परत देते. वस्तीतल्या नळाला पाणी पहाटे यायचं, म्हणून ती चारला उठायची. साडेपाचला घर सोडायची, बसचे पैसे वाचवायला चालत. दोन्ही सत्रं संपून कुलूप लावेपर्यंत संध्याकाळचे सहा. येताना वाट वाकडी करून मंडई, कारण त्या वेळेला भाजी उतरते. सातला उंबऱ्यात. पहाटे चार ते संध्याकाळी सात, पंधरा तास, त्यातले बहुतेक उभ्याने. मे महिन्यात सुट्टी म्हणावी तर दुसऱ्यांच्या घरी कुरडया-पापड्या करायला जायची. अशा बाईला सात वाजता तुम्ही दोनदा हाक मारलीत. रडणाऱ्या मुलीला पोटाशी धरायला दहा मिनिटं पुरतात आणि ती मुलगी संध्याकाळी आपल्या घरी जाते. तिची फी, तिचा ताप, तिच्या दप्तराची तुटलेली चेन, तिचं पुढे काय होणार, यातलं काहीही मावशीच्या डोक्यावर नसतं. तुमचं सगळं होतं. त्या पोरींच्या वाट्याला माया आली. तुमच्या वाट्याला काळजी आली, आणि काळजीला आवाज खेकसण्याचाच असतो.

हे पटलं म्हणून पाचवीतल्या त्या मुलीचं समाधान होणार नाही, हे मला कळतं. तिला कुशी हवी होती, हिशेब नको होता. तुम्हाला आईचा राग येतो, तो येऊ द्या. फोन करणाऱ्या बायकांचा येतो, तोही येऊ द्या. वर्षाच्या आत असे राग येतातच. फक्त सभेआधी घरात कुणाजवळ तरी ते मोकळेपणी बोला. तुमचे दादा आहेत ना? त्यांनाही तीच दमलेली आई मिळाली. तुम्ही दोघं यावर एकदाही बोलला नसाल, असं पत्रावरून वाटतं.

सभेत घरातली आई सांगावी की नाही, असंही तुम्ही विचारलंय. जरूर सांगा. संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाचं घर कसं चालतं, हे सांगायची चाल पुण्यात जुनी आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला आणि त्याचं केवढं झाड झालं ते आपण बघतोच. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. १८९३ साली त्यांचं कर्व्यांशी लग्न झालं. त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या तेव्हा आश्रमापायी संसाराची झालेली ओढाताण लपवली नाही. त्यामुळे कर्वे तसूभरही लहान झाले नाहीत. माझ्यासारखीला तर त्या घरातले कर्वे जास्त जवळचे वाटतात. तुम्ही बाम चोळून भिंतीकडे तोंड करणारी आई सांगितलीत, तर ज्यांना तिने पोटाशी धरलं त्या बायकांना पहिल्यांदा कळेल की ते दहा मिनिटांचं बळ कुठून यायचं आणि घरी येईपर्यंत किती उरायचं.

आणि आता ते पाचवीतलं.

'तिने मला तेव्हाच माफ केलं असेल' असं मी लिहावं, ही तुमची अपेक्षा पत्राच्या शेवटी दिसते. मी ते लिहिणार नाही. तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, आणि ती नसताना तिच्या वतीने माफी देऊन टाकणं मला बरं वाटत नाही. तिने केलं एवढंच आपल्याला माहीत आहे: दुसऱ्या दिवसापासून ती आधी निघायला लागली. तुम्हाला ते तुटल्यासारखं वाटलं. मला त्यात आणखीही एक दिसतं. पोरीला पुन्हा खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून तिने स्वतःची वाट बदलली, आणि पहाटेच्या अंधारात टिळक रोडने एकटी चालत गेली. दोन्ही खरं असू शकतं.

तुम्ही दहा वर्षांच्या होतात. शिपायाची मुलगी म्हणून वर्गात काय ऐकावं लागतं, हे तुम्ही एका ओळीत उडवलंत, मी ते वर्गात बघितलंय. तरीही लाज वाटते, ती वाटू दे. पण त्या हॉलचा विचार करा. त्या इमारतीत तुम्ही सहा वर्षं तिला मावशी म्हणत होतात. तिथल्या एकाही भिंतीने तुमच्या तोंडून 'आई' ऐकलेलं नाही. तेव्हा 'काय म्हणू' या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. माइकसमोर उभ्या राहा, तिचं पूर्ण नाव घ्या, माहेरचं आडनाव धरून, कारण हॉलमधल्या कित्येकींना ते माहीत नसेल. आणि म्हणा, 'पाचवीत मला एका मैत्रिणीने विचारलं होतं, या मावशी तुझ्या कोण? तेव्हा मी खोटं उत्तर दिलं. या माझ्या आई.' मग पानशेत, मग एक जून, मग सकाळचं फाटक, मग स्कर्ट. ही कबुली देणं सगळ्यांना जमतं असं नाही. त्या दिवशी घशाशी आली नाही तर सोडून द्या, दादांना मात्र आधी सांगून ठेवा.

सात मिनिटांच्या वर बोलू नका. सावकाश वाचलं तर सातेकशे शब्द होतात. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि एक प्रत दादांच्या खिशात ठेवा. आवाज अडला की त्यांनी उठून पुढचं वाचायचं, हे आधीच ठरवा, म्हणजे तुम्हाला रडायची भीती राहणार नाही.

माजी विद्यार्थिनी पन्नास हजारांची ठेव ठेवून दहावीत पहिल्या येणारीला आईच्या नावाने पारितोषिक देणार आहेत, असं कळवलंत. पुण्यातल्या शाळांत अशा ठेवींच्या पाट्या भिंतभर असतात. हेतू चांगलाच आहे. पण पहिल्या येणाऱ्या मुलींशी तुमच्या आईचं फारसं काम पडलं नसणार, तिच्याकडे जायच्या त्या अडलेल्या मुली. सहा-सात टक्क्यांनी व्याज वर्षाला तीन-साडेतीन हजार येईल. त्यात एका कपाटाचं सामान सहज भरतं: पॅड, दोन-तीन मापांचे स्कर्ट, साबण, टॉवेल, गरम पाण्याची पिशवी. किल्ली मावशींकडेच ठेवावी, ऑफिसात अर्ज करून मिळणारी वस्तू कुठलीही मुलगी मागायला जात नाही. हे तुम्ही सुचवलंत तर त्या ऐकतील, तुमचा तो अधिकार आहे.

फोटो नाही म्हणून काळजी करताय. एकटीचा नसेल, पण स्नेहसंमेलनाच्या, वर्गाच्या जुन्या फोटोंत कडेला कुठेतरी ती असेलच. फोन करणाऱ्या बायकांना आपापल्या फोटोंच्या कडा बघायला सांगा.

ट्रंकेतले ते तीन स्कर्ट सभेला घेऊन जा. स्टेजवर मांडू नका, पिशवीतच राहू द्या. सभा संपली, चहा झाला की आता तिथे ज्या मावशी आहेत त्यांना बाजूला घ्या. गणवेशाचा रंग तोच असेल तर स्कर्ट त्यांच्या हातात द्या आणि दोन हूक कशासाठी आहेत ते दाखवा. रंग बदलला असेल तरी दाखवा, नवीन स्कर्टांना त्या तसेच लावून घेतील.